कोकण किनाऱ्यावरील सायकलमार्ग : भूरचना, चढ आणि सर्वांसाठी सुगमता

बीजसंज्ञा : सागरी महामार्ग, खाडी, सडा, चढाचे परिमाण, फेरीबोट, सुगमता

प्रस्तावना :

सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील पठारावर वसलेले आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल व चादरींच्या कारखान्यांकडे पाळीच्या वेळी सायकलने जाणारा कामगार या शहराने अनेक पिढ्या पाहिला. आज त्याची जागा बहुतांशी मोटारसायकलीने घेतली असली, तरी पठारावरच्या माणसाची सायकलविषयीची एक समजूत त्याच काळात पक्की झाली आहे. अंतर कळले की श्रम कळतात, ही ती समजूत होय. वीस किलोमीटर म्हणजे सव्वा तास, चाळीस म्हणजे अडीच. सोलापूर-अक्कलकोट किंवा सोलापूर-मंगळवेढा या रस्त्यांवर हा हिशेब फारसा चुकत नाही.

हाच हिशेब घेऊन सायकलस्वार कोकणात उतरला की फसतो. रेवस ते रेडी या सागरी मार्गाचे आकर्षण गेल्या काही वर्षांत देशावरील सायकलप्रेमींमध्ये फार वाढले आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर व आंबा घाट असा थेट किनाऱ्याला जात असल्याने सोलापूरकरांनाही तो मार्ग खुणावतो. तथापि या मार्गाची वर्णने बहुधा दोन टोकांची असतात. एक तर तो केवळ कसलेल्या स्वारांसाठी आहे, किंवा समुद्राच्या कडेने जाणारा तो रम्य व सोपा रस्ता आहे. दोन्ही विधाने अंशतः खरी आहेत, आणि कोणते विधान कोठे खरे आहे हे भूरचनेवरून ठरते. बालके, वयस्क, नवशिके, दृष्टिहीन, तीनचाकी चालविणारे अपंग अशा सर्वांचा विचार करता कोकण किनाऱ्यावरील सायकलमार्ग कसे वाचावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

किनाऱ्याची ठेवण :

राज्याच्या किनाऱ्याची लांबी शासकीय लेखनात दीर्घकाळ ७२० किलोमीटर अशी दिली जात आली आहे. ही रेघ सरळ नाही. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली यांसारख्या आखूड व वेगवान नद्यांनी ती ठिकठिकाणी चिरली आहे. या नद्यांच्या मुखांशी समुद्र आत शिरतो आणि खाडी तयार होते. दोन खाड्यांच्या मधला भूभाग मात्र सखल नसतो. तो जांभ्या दगडाचा, वरून टेबलासारखा सपाट असा कातळ असतो. त्यालाच कोकणात सडा म्हणतात. याच सड्यांवरील कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या ठेवणीचा अर्थ असा. गाव खाडीच्या किंवा पुळणीच्या काठी, नारळ-पोफळीच्या वाडीत असते. तेथे रस्ता सपाट व सावलीचा असतो. गाव सोडले की रस्ता सड्यावर चढतो. ही चढण बहुधा शंभर मीटरच्या आसपास असते, कोठे कमी तर कोठे दीडशेपर्यंत. सड्यावर काही अंतर उघड्या कातळातून, झाडाच्या आडोशाशिवाय जावे लागते. पुढची खाडी आली की तेवढेच उतरावे लागते. पलीकडे पुन्हा तोच क्रम. रायगड जिल्ह्याच्या उत्तर भागात सखल किनारपट्टी त्यामानाने रुंद आहे. दक्षिणेकडे रत्नागिरी जिल्ह्यात सडे थेट समुद्राला भिडतात, तर सिंधुदुर्गात मालवणच्या दक्षिणेस पुन्हा काही लांब वाळूच्या पट्ट्या आढळतात. म्हणजे घाट न ओलांडताही येथे घाटाइतका चढ पदरी पडतो, फक्त तो तुकड्यातुकड्यांनी पडतो.

चढाचे गणित :

या चढाचे श्रम किती, हे साध्या भौतिकशास्त्राने मांडता येते. स्वार, सायकल व सामान मिळून ८५ किलो वजन गृहीत धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना टायरचे घर्षण आणि हवेचा रोध मिळून सुमारे १३ न्यूटन विरोध होतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे १३ किलोज्यूल कार्य करावे लागते. तेच वजन १०० मीटर उंच नेण्यास सुमारे ८३ किलोज्यूल कार्य लागते. अर्थात शंभर मीटरची एक चढण ही सपाटीवरच्या सुमारे सहा किलोमीटरांच्या बरोबरीची आहे. तीस किलोमीटरच्या टप्प्यात अशा तीन चढणी आल्या, तर श्रमाच्या दृष्टीने तो टप्पा अठ्ठेचाळीस किलोमीटरांचा होतो.

उतारावर हे श्रम परत मिळतात, असा आक्षेप घेता येईल. तत्त्वतः तो बरोबर आहे. परंतु कोकणातील उतार अरुंद, वळणाचे आणि बहुधा गावात किंवा धक्क्यावर संपणारे असतात. वळणांवर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. मिळालेली गती ब्रेकमध्ये खर्च करावी लागते आणि खाडीपाशी तर थांबावेच लागते. चढताना कमावलेली उंची अशी जवळजवळ फुकट जाते.

त्यातही एकूण चढापेक्षा चढाची तीव्रता निर्णायक ठरते. शंभर मीटर अंतरात सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सामान्य प्रकृतीचा माणूस सुमारे १०० वॅट शक्ती सातत्याने लावू शकला, तर त्याचा वेग ताशी सहा किलोमीटरांच्या थोडा वर राहतो. गिअर नसलेल्या नेहमीच्या काळ्या सायकलीचे पायडल एकदा पूर्ण फिरले की ती साडेपाच मीटरांच्या आसपास पुढे सरकते. या वेगाला मिनिटाला अवघ्या वीस फेऱ्या पडतात. इतक्या मंद गतीने पायडल मारणे गुडघ्यांना पेलत नाही, आणि स्वार उतरून सायकल ढकलू लागतो. जिच्या पायडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होते अशी गिअरची सायकल त्याच चढावर मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी, दमछाक न होता, वर जाते. दोन्ही सायकलींवरील स्वाराची ताकद तीच असते. ‘कोकण झेपणार नाही’ असे म्हणून मागे राहिलेल्या अनेकांची अडचण प्रकृतीची नसून दंतचक्राची असते. मदतीला विजेची मोटर असलेली सायकल हा अलीकडचा पर्याय आहे. २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या आणि ताशी २५ किलोमीटरांपेक्षा कमी वेगाच्या अशा वाहनास केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नोंदणीची आवश्यकता नसते. गुडघे दुखणाऱ्या वयस्कांसाठी सड्यावरची चढण त्यामुळे आवाक्यात आली आहे.

टप्प्यांची निवड :

वरील विवेचनाचा व्यावहारिक अर्थ असा की, सागरी मार्ग हा एक सलग मार्ग न मानता खाडी ते खाडी अशा तुकड्यांत वाचावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा दिलेल्या असतात. रस्ता त्यांतील किती रेषा ओलांडतो हे मोजले की त्या तुकड्याची अडचण ध्यानात येते. पर्यटनाच्या नकाशावर या रेषा नसतात. तेथे किनारा निळ्या रंगाशेजारच्या पिवळ्या पट्टीसारखा सपाटच दिसतो.

सर्वांत सोप्या तुकड्यांत अलिबाग ते रेवदंडा हा सुमारे सतरा किलोमीटरांचा रस्ता अग्रभागी ठेवावा लागेल. आक्षी, नागाव, चौल अशी गावे एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत. रस्ता वाड्यांच्या सावलीतून जातो आणि चढ नावालाच आहे. थांबण्यास निमित्तेही पुष्कळ. आक्षी येथे मराठीतील आद्य मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक आहे. चौल हे प्राचीन बंदर असून रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४६९ साली भारतात उतरला तो येथेच. रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदीच्या आतून रस्ता जातो. मुंबईहून येणाऱ्यांना भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० पासून उपलब्ध आहे. या मार्गाचा दोष भूरचनेचा नाही, मोटारींचा आहे. शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यावर वाहनांची इतकी रीघ लागते की, लहान मुलाला सायकल घेऊन तेथे पाठविणे योग्य नव्हे. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी मात्र हाच रस्ता निवांत असतो.

रेवदंड्याच्या पुढे साळाव पूल ओलांडला की स्वभाव बदलतो. कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड हा टप्पा सुंदर आहे. कोर्लईत पोर्तुगीज भाषेपासून घडलेली बोली आजही बोलली जाते. येथे डोंगर रस्त्याला येऊन मिळतो आणि काशीदच्या अलीकडे चढ लागतो. नवशिक्या प्रौढास हा टप्पा जमतो. बालकांस नाही.

पुढे आगरदांडा-दिघी फेरीबोटीने राजपुरी खाडी ओलांडल्यावर दिवेआगर येते. दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल, शेखाडीवरून जाणारा रस्ता संपूर्ण किनाऱ्यावरील सर्वांत देखणा म्हणता येईल, कारण येथे दीर्घ अंतर समुद्र दृष्टीआड होत नाही. चढ-उतार आहेत, पण आखूड. मध्यम क्षमतेच्या स्वारास प्रथम कोकण दाखवायचे असेल, तर अलिबागपेक्षा हा तुकडा निवडणे श्रेयस्कर.

सावित्रीची बाणकोट खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात प्रवेश केला की वर दिलेले गणित पूर्णांशाने लागू होते. वेश्वीहून केळशीकडे, दाभोळ-धोपावे फेरीनंतर गुहागरकडे, गुहागरहून वेळणेश्वर-हेदवी करीत तवसाळच्या धक्क्याकडे आणि पलीकडे जयगडहून वर, असा प्रत्येक ठिकाणी समुद्राच्या पातळीपासून सड्यापर्यंतचा चढ आहे. गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारे मार्ग अंतराने सुमारे पंचवीस किलोमीटर. छायाचित्रांमुळे तो प्रसिद्ध आहे, मात्र आरे-वारेची जुळी पुळण वरून जेथून दिसते, तेथे आधी चढून जावे लागते ही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. या जिल्ह्यातही सोपे तुकडे नाहीत असे नव्हे. हर्णैच्या दक्षिणेस मुरूड-कर्दे ही सलग पुळण आहे. दापोली गाव मात्र सुमारे अडीचशे मीटर उंचीवर असल्याने दापोलीहून निघणाऱ्याने परतीचा चढ आधीच हिशेबात घ्यावा. किंवा मुक्कामच खाली करावा, हे अधिक शहाणपणाचे.

सिंधुदुर्गात मालवण ते तारकर्ली व पुढे देवबाग हा तुकडा क्षमतेची कोणतीही अट न घालता सुचविता येतो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, अशी देवबागची रचना आहे. ही भूमी नदी व समुद्राने रचलेल्या गाळाची असल्याने तेथे सडाच नाही, म्हणून चढही नाही. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर होतात. सात-आठ वर्षांचे मूल, सत्तरीतील गृहस्थ आणि हाताने चालविण्याची तीनचाकी असलेली व्यक्ती एकाच गटात, एकाच सकाळी जाऊ शकतील असा हा रस्ता आहे. दक्षिणेस शिरोड्याच्या मिठागरांच्या परिसरातही असा सखल भाग मिळतो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याचे नाव इतिहासात आहेच.

दिशा, ऋतू व वाळू यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येकडचा वारा वाहतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्यास तो पाठीशी मिळतो. परंतु वाहतूक डाव्या बाजूने असल्यामुळे दक्षिणेकडे जाताना समुद्र रस्त्याच्या पलीकडच्या कडेस राहतो, तर उत्तरेकडे जाणाऱ्यास तो हाताशी असतो. वारा हवा की देखावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. अशक्त स्वाराने वारा निवडावा. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट झालेली वाळू रस्त्यासारखीच चालते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे ध्यानात न घेतल्यास मऊ वाळूत सायकल उचलून आणण्याची वेळ येते. पुळणीवरून आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल न दिल्यास ती काही दिवसांतच गंजते. वेळाससारख्या ठिकाणी हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालतात. तेथे भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूत चाक नेऊ नये.

फेरीबोट आणि सुगमता :

‘सर्वांसाठी’ या शब्दात अपंग व्यक्तींचाही अंतर्भाव होतो, हे सायकलमार्गांच्या चर्चेत सहसा विसरले जाते. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सार्वजनिक वाहतूक व जागा सुगम असण्याचे तत्त्व कायद्यात आणले. सायकलच्या क्षेत्रात या दिशेने महाराष्ट्रात झालेल्या प्रयत्नांपैकी पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांचे कार्य उल्लेखनीय आहे. स्वतः दृष्टिहीन असलेल्या गणात्रा यांनी २०१६ साली दोन आसनांच्या जोडसायकलीवरून मनाली ते खारदुंगला हा प्रवास केला. जोडसायकलीवर पुढचा स्वार डोळस असतो व दिशा सांभाळतो, मागचा दृष्टिहीन स्वार बरोबरीने पायडल मारतो. हिमालयात जे शक्य झाले ते कोकणात अशक्य नाही. फरक इतकाच की, जोडसायकल लांब असल्यामुळे अरुंद वळणांवर तिला अधिक जागा लागते आणि दोघांच्या वजनामुळे उतारावर ब्रेकवर ताण येतो.

या दृष्टीने खाडी ओलांडण्याचे साधन महत्त्वाचे ठरते. पूर्वी खाडीवर तर किंवा लाँच असे. सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून होडीत चढविणे धडधाकट माणसासही सोपे नव्हते. दाभोळ-धोपावे येथे २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि पुढे तशाच सेवा इतर खाड्यांवर आल्या. रायगडात या बोटीस ‘जंगलजेट्टी’ असेही म्हणतात. तिची पुढची फळी धक्क्याच्या उतारावर टेकते आणि वाहने चाकांवरच आत जातात. ही सोय मोटारींसाठी केली गेली, पण तिचा सर्वांत मोठा लाभ ज्याला वाहन उचलता येत नाही अशा माणसाला झाला. तीनचाकी किंवा जोडसायकल कोणीही न उचलता बोटीत जाते. शिवाय पलीकडच्या चढापूर्वी वीस-पंचवीस मिनिटांची सक्तीची विश्रांती मिळते. ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला उतार निसरडा होतो, एवढी सावधगिरी पुरे.

पुलांचा प्रश्न :

सागरी मार्गावरील मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहेत. रेवस-करंजा, दिघी-आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड ही त्यांतील प्रमुख ठिकाणे. किनाऱ्यावरील गावांच्या दृष्टीने या पुलांची निकड निर्विवाद आहे. रात्री फेरी बंद झाल्यावर रुग्णास खाडीला वळसा घालून न्यावे लागते, ही वस्तुस्थिती पर्यटकाच्या सौंदर्यदृष्टीने झाकता येणार नाही. पूल नको असे म्हणणे हा दुरून आलेल्याचा हट्ट ठरेल. प्रश्न वेगळा आहे. पूल झाल्यावर फेरी परवडेनाशी होऊन बंद पडली, आणि पुलावर सायकलला जागा नसली, तर आज ज्या खाड्या तीनचाकीवरून ओलांडता येतात त्या उद्या ओलांडता येतील काय?

याचे एक उत्तर जपानमध्ये आढळते. ओनोमिची व इमाबारी या शहरांना सहा बेटांवरून जोडणारा शिमानामी काइदो हा मार्ग १९९९ साली पूर्ण झाला. त्याची लांबी सुमारे सत्तर किलोमीटर आहे. पूल होण्यापूर्वी बेटांमधील वाहतूक बोटींवर अवलंबून होती. तेथे पुलांवर द्रुतगती मार्गाबरोबरच सायकली व पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिका ठेवण्यात आली. पूल उंच असल्याने त्यावर पोहोचण्यासाठी सायकलींकरिता निराळे वळणदार जोडरस्ते बांधले असून त्यांचा चढ शंभर मीटरला सुमारे तीन मीटर एवढाच राखला आहे. बेटांवरील रस्त्यांच्या कडेने निळी रेघ आखून मार्ग दाखविला आहे. त्यामुळे लहान मुलांची कुटुंबे आणि वयस्क स्वार समुद्र ओलांडतात, आणि तो मार्ग जगभरच्या सायकलस्वारांना ठाऊक झाला आहे.

कोकणातील पुलांना हे परिमाण लावून पाहता येईल. होड्या व जहाजे खालून जाण्यासाठी पुलाचा माथा काठापासून २५ मीटर उंच ठेवावा लागला असे समजू. शंभराला सहा या चढाने तेथे पोहोचण्यास सुमारे ४२० मीटर लांबीचा जोडरस्ता लागेल. शंभराला तीन या चढाने तो सुमारे ८३० मीटर होईल. पहिल्या रस्त्यावर गिअर नसलेली सायकल ढकलावी लागते आणि हाताची तीनचाकी बहुधा अडतेच. दुसऱ्यावर दोन्ही, सावकाश का होईना, वर जातात. पादचारी पट्टीला चढण्यासाठी एक पायरीएवढा कठडा ठेवला, तर पट्टी असूनही तीनचाकी तिच्यावर जाऊ शकत नाही आणि भरधाव ट्रकांच्या रांगेत राहते. या गोष्टी आराखड्यातच ठरतात. खांब उभे राहिल्यावर चढ कमी करता येत नाही.

शिमानामीच्या उत्तर टोकाशी ओनोमिचीहून पहिल्या बेटावर जाण्यासाठी पूल असूनही लहान फेरीबोटी अद्याप चालतात. तो पूल अरुंद व रहदारीचा असल्याने सायकलस्वारांना तेथे बोटीनेच जाण्याचा सल्ला दिला जातो, आणि सायकली फळीवरून चाकांवरच आत जातात.